कोंबड्यापायी अडलेला उंबरा

मंगळवार पेठेत दादासो सातवेकर कोण, असं विचारणारा माणूस एक तर पावणा असतो, नाही तर बहिरा. कारण दादासोंचा आवाज गल्लीत आधी येतो, मग त्यांचा टेम्पो येतो आणि सगळ्यात शेवटी दादासो येतात. धंदा मंडपाचा. गणपतीचा मंडप त्यांचा, शिवजयंतीचं स्टेज त्यांचं, बुद्धविहारापुढचं बुद्धपौर्णिमेचं छत त्यांचं, दर्ग्याच्या उरुसाला कनात त्यांची. बारसं असो की बारावं, दादासोंच्या खुर्च्यांवर बसल्याशिवाय पेठेत माणूस ना जन्माला येतो ना मार्गाला लागतो. कोल्हापुरातल्या झाडून सगळ्या देवांच्या दारात या माणसानं बांबू रोवलेले. फक्त एका देवाच्या दारात त्यांचं पाऊल पडत नव्हतं, आणि तो देव नेमका त्यांचा स्वतःचा होता.

सातवेकर मंडळी ख्रिस्ती. आजोबांपासूनची. आणि दादासोंनी चर्चचा उंबरा चांगली बारा-तेरा वर्षं ओलांडला नव्हता. कारण काय, तर कोंबडा.

हसायचं काम नाही. आपल्याकडं बांधावरून भावकी तुटते, मानपानावरून सोयरीक मोडते. मग कोंबड्यावरून एखादा चर्चवर रुसला तर बिघडलं कुठं?

झालं असं. चर्चमध्ये दरवर्षी कापणीचा सण असतो. ज्याच्या शेतात जे पिकलं, परसात जे लागलं, ते देवाचे उपकार मानून आणायचं. कुणी जोंधळ्याची कणसं, कुणी ऊस, कुणी दुधी, कुणी पाटीभर अंडी. पुढच्या टेबलाजवळ सगळं मांडायचं, प्रार्थना झाली की तिथंच लिलाव. या लिलावाची खरी मजा म्हणजे घेतलेली वस्तू घेणाऱ्यानं पुन्हा दान करायची नि पुन्हा बोली लागायची. एकेक भोपळा चार-चार मालक बघून शेवटी उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरात जाऊन पडतो.

त्या वर्षी दादासोंच्या बायको चिमणाबाई विषमज्वरातून उठलेल्या. डॉक्टरांनीही मान हलवली होती, तिथून परत आल्या. आता देवाला द्यायचं तर काहीतरी जिवाभावाचंच द्यायला पाहिजे. घरात जिवाभावाचं काय होतं? दादासोंचा तांबडा, तुरेबाज कोंबडा. पिल्लू असल्यापासून दादासोंनी हातावर दाणे देऊन वाढवलेला. टेम्पोच्या टपावर बांबूंवर बसून तो कामावर जायचा आणि पोलीससुद्धा त्याला हात करायचे. चिमणाबाईंनी नवऱ्याला न विचारता कोंबडा उचलला, पाय बांधले आणि टेबलाजवळ नेऊन ठेवला. विचारलं असतं तर 'न्हाय' म्हणाले असते, हे त्यांना लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं.

दादासोंना पत्ता लागला तो थेट लिलावात. मागच्या बाकावर पेंगत होते. कोंबडा आरवला आणि आवाज ओळखीचा वाटला. डोळे उघडून बघतात तर आपलंच लेकरू लिलावात! ताडकन उठले आणि बोली लावली. कुणी चढवलीच नाही. पण दादासो इतके घाबरलेले, की त्यांनी आपल्याच बोलीवर पुन्हा बोली लावली. मग आणखी एक.

लिलाव करत होते पिराजीअण्णा. चर्चचे ज्येष्ठ पंच, बोलायला तिखट. ते म्हणाले, "अवो दादासो, सोताच्याच बोलीवर बोली चढवालायसा! आन् कोंबडंबी सोताचंच! बायकूनं देवाला द्यायचं आन् नवऱ्यानं देवाकडनं काढून न्यायचं, ही कुठली वो उपकारस्तुती?"

सगळं चर्च हसलं. पोरं हसली, म्हाताऱ्या हसल्या, पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. हे सगळं दादासोंनी गिळलं असतं. पण चिमणाबाईसुद्धा पदर तोंडात धरून हसताना दिसल्या आणि दादासोंचं डोकं सणकलं.

"ऱ्हावंद्या तुमचं कोंबडं तुमच्यापाशी! ह्या उंबऱ्याच्या आत परत पाय ठेवला तर नावाचा सातवेकर न्हाय!"

आणि गेले. कोंबड्याचा त्याच संध्याकाळी तांबडा रस्सा झाला. चर्चमध्ये गीतं गाणाऱ्या पोरांनी ओरपला. तेव्हापासून दादासोंचं एकच पालुपद, "चर्चनं माझा कोंबडा खाल्ला." कुणी खाल्ला, किती जणांनी खाल्ला, त्याची चौकशी नाही. सरसकट चर्चनं.

आता माणूस रुसला तरी सवय कुठं रुसते? नेसरीजवळच्या वाडीत दादासोंचं बालपण गेलेलं. तिथलं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. सोमवार ते शनिवार तीत शाळा भरायची, सुगीत वाडीभरची पोती तिथंच ठेवायची, कुणाचं घर गळायला लागलं की बिऱ्हाड तिथं यायचं आणि रविवारी सगळं एका कडेला सारून उपासना व्हायची. पोत्यांना टेकून ऐकलेली प्रार्थना अंगात मुरलेली. त्यामुळं रविवार उजाडला की दादासो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. चिमणाबाईंना आणि लेक निशिगंधाला स्कूटरवरून चर्चच्या गेटात सोडायचं आणि आपण रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर बसायचं.

चहावाला मुद्दाम विचारायचा, "काय दादासो, चर्च सुटलं न्हाय अजून?"

"आज वाढणार. पाळक जुन्या करारात शिरल्यात. मोशे अजून डोंगरावरच हाय."

बाहेर बसून त्यांना आतलं सगळं ठाऊक असायचं. कुठलं गीत, कोण बेसूर, कुणाची प्रार्थना लांबली. घरी जाताना स्कूटरवर चिमणाबाईंना प्रवचनातल्या चुका सांगायचे. चिमणाबाई म्हणायच्या, "आत येऊन सांगा की पाळकास्नी." की दादासो हॉर्न वाजवायचे.

मग तो मोठा पूर आला. पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं आणि चर्चनं दारं उघडली. बाक भिंतीला लावले आणि माणसं आत घेतली. कुठल्या जातीची, कुठल्या धर्माची, विचारायला वेळ कुणाला होता? दादासोंच्या गोदामात गाद्या होत्या. टेम्पो भरून घेऊन आले आणि गेटाबाहेर थांबले. त्यांच्या कायद्यात तेव्हा गेटसुद्धा उंबऱ्यातच धरलेलं. मग काय, टेम्पो कंपाऊंडच्या भिंतीला लावला आणि टपावर उभं राहून एकेक गादी भिंतीवरून आत दिली. पलीकडून घ्यायला नेमके पिराजीअण्णा. इकडून गादी, तिकडून गादी, आणि दोघांच्या तोंडातून शब्द नाही.

शेवटच्या गादीला अण्णा म्हणाले, "पाय ठेवायचा न्हाय म्हनून शपथ घेतलीयासा. हात घालाय चालतोय न्हवं?"

"हाताचं बोललो न्हवतो," दादासो म्हणाले आणि टेम्पो वळवला.

पण खरी गोची झाली ती नंतर. गणपतीच्या तोंडावर एका मंडळाचं छत बांधताना दादासो वरून पडले. मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर कमरेपर्यंत. घरात पडून, वर पंख्याकडे बघत, आणि सुपारी घेऊन ठेवलेल्या मंडपांची रांग. धंद्यात त्यांच्यासोबत दोन गडी, तेही गावाला गेलेले. एका हंगामात शब्द मोडला की मंडपवाल्याला पेठेत कोण विचारतो?

पहिल्या दिवशी चिमणाबाईंनी कुणाला सांगितलं, काय सांगितलं, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पंधरा-वीस माणसं. गाणारी पोरं, महिला मंडळाच्या बाया भाकरीची टोपली घेऊन, पाळकसाहेब बाह्या सरसावून आणि सगळ्यांच्या पुढं पिराजीअण्णा.

"कुठलं मंडप ऱ्हायल्यात?" अण्णांनी विचारलं. सलाम नाही, कसं आहे नाही. थेट कामाचंच.

दादासोंनी भिंतीकडं तोंड केलं. पण मंडप तर उभे राहायलाच हवे होते. भिंतीकडं तोंड करूनच त्यांनी नावं सांगितली.

त्या वर्षीचे मंडप पेठेत अजून आठवतात. पाळकसाहेबांनी गणपतीच्या मंडपाला काथ्याच्या गाठी मारल्या. गाठी इतक्या की विसर्जनानंतर कुणाला सोडवता येईनात, विळ्यानं कापाव्या लागल्या. एका मंडपाचं छत डावीकडं असं कललं, की मंडळाच्या पोरांनी लोकांना सांगितलं, यंदाची तशीच थीम आहे. दादासो खाटेवरून मोबाईलवर बघायचे आणि ओरडायचे, "अवो पाळकसाहेब, त्यो बांबू हाय, काठी न्हवं! जरा तिरपा घ्या!" मंडळाच्या कार्यकर्त्यांनी पाळकसाहेबांना खुर्ची दिली, चहा पाजला. जाताना हार घातला, तो त्यांनी घरी आणून दादासोंच्या खाटेला अडकवला. "हा तुमचाच," म्हणाले.

महिनाभर त्या घरात चूल पेटली नाही म्हणा ना. एक दिवस कुणाचं पिठलं, एक दिवस कुणाची आमटी. बुधवारची प्रार्थनासभासुद्धा तिथंच भरायला लागली, दादासोंच्या खाटेभोवती. पळून जायला पाय नव्हता, त्यामुळं चर्चवर रुसलेल्या माणसाला चर्च आपल्याच खोलीत, आपल्याच उशाला बसून गाताना ऐकावं लागलं. दुसऱ्या बुधवारी त्यांनी हळूच डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर ठेका धरला. चिमणाबाईंनी बघितलं, पण बोलल्या नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना न बोलण्याचं टायमिंग नेमकं कळलं होतं.

पाय बरा झाला. पण उंबरा काही बरा झाला नाही. "माणसं येगळी, उंबरा येगळा," दादासो म्हणायचे. फक्त गेट सुटलं. गेट म्हणजे उंबरा नव्हे, असा त्यांनी स्वतःपुरता निकाल दिला आणि आवारातल्या आंब्याखालच्या बाकड्यापर्यंत यायला लागले. चहावाल्याचं गिऱ्हाईक तुटलं.

आणि मग निशिगंधाचं लग्न ठरलं. मुलगा हुपरीचा, आदर्श. घरचं चांदीच्या पैंजणांचं काम. पोरगा शांत, इतका की दादासोंच्या घरात त्याचं काय होणार याची हुपरीला काळजी. लग्न मे महिन्यात, चर्चमध्ये. तीन रविवार उपासनेत लग्नाचा पुकारा झाला, कुणाची हरकत आली नाही. हरकत होती ती एकाच गोष्टीची. वधूला बापानं हाताला धरून मधल्या वाटेनं पुढं न्यायचं असतं.

एका रात्री जेवताना निशिगंधानं विषय काढला. "पप्पा, मला आत कोण नेणार?"

"आई न्हेईल की. मी पायरीपातूर हाय."

"पायरीपातूर?"

"पायरीपातूर ऐटीत न्हेतो. बँड लावतो."

निशिगंधानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. ती बापाचीच लेक. "मग मीबी पायरीवरच थांबतो. आदर्शला सांगतो, अंगठी पायरीवर घेऊन ये. चप्पल काढायच्या जागेला लगीन करू."

"अगं, लोक काय म्हणतील!"

"म्हणतील, कोंबड्यासाठी लेकीला पायरीवर सोडली."

दादासो हात न धुताच उठले. रात्रभर त्यांना झोप नाही. लेकीला आत न्यायचं, हे त्यांना हवंच होतं. किती वर्षं मनातल्या मनात तिच्याबरोबर चालून झालेलं. पण चारचौघांत घेतलेली शपथ. आज आत गेले तर बारा वर्षं गाड्यावर बसून प्यायलेला चहा फुकट गेला म्हणायचा. आणि पिराजीअण्णा जे बोलतील ते वेगळंच.

चिमणाबाई पाळकसाहेबांकडं गेल्या. पाळकसाहेब भला माणूस. म्हणाले, "आपल्या पहिल्या विश्वासणाऱ्यांकडं कुठं इमारत होती? घराघरांत, अंगणात जमायचे. मंडळी जमली की चर्च झालं. लग्न आवारात लावू. दादासोंनी मंडप घालावा. उंबऱ्याचा प्रश्नच येत नाही."

पंचांच्या बैठकीत थोडी कुरबुर झाली. चर्चमधली लग्नं चर्चमध्येच लागतात, उद्या प्रत्येक जण आपला उंबरा घेऊन येईल, वळीव आला तर काय, असं बरंच. सगळ्यांना वाटलं, पिराजीअण्णाच मोडता घालणार. तर अण्णा म्हणाले, "मंडप दादासोचा असंल तर वळीव लांबनं वळून जातोय. करा ठराव." आणि ठराव झाला.

दादासोंनी मंडप घातला तो असा, की आंब्याचं झाडसुद्धा मंडपाचाच भाग वाटावं. पांढरं छत, अबोली झालर, मधल्या वाटेवर तांबडी चादर. चार दिवस राबत होते. माणूस खुश होता, फक्त मधूनच चर्चच्या दाराकडं बघायचा आणि उगीच एखादी गाठ पुन्हा सोडून बांधायचा.

लग्नाच्या दिवशी दुपारी एकच काम राहिलं होतं. प्रभुभोजनाचं टेबल आतून बाहेर मंडपात आणायचं. जुनं सागवानी धूड. गाणारी पोरं आणि त्यांच्यात घुसलेले पिराजीअण्णा, गुडघा दुखत असताना, सांगून ऐकतील तर ना. टेबल दारात आलं आणि अडकलं. दोन पाय बाहेर, दोन आत. पोरं ओढायला लागली. टेबल तिरकं झालं आणि सगळं वजन आतल्या बाजूला, अण्णांच्या अंगावर यायला लागलं.

"सोडू नगासा! आडवं करा, आडवं!" दादासो ओरडले आणि धावले. मंडपवाल्याला अडकलेलं वजन बघवत नाही. जड वस्तू कलायला लागली की आधी हात जातात, डोकं मागनं येतं. टेबल आणि चौकटीच्या फटीतून ते अंग चोरून आत सरकले, अण्णांच्या बाजूचा कोपरा खांद्यावर घेतला, "हं, आता माझ्याकडं घ्या, आत, आत, हळू..." म्हणत चार पावलं मागं सरले. टेबल सुटलं. जमिनीवर ठेवलं. दादासोंनी घाम पुसला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं, की आवाज घुमतोय. पायाखाली गार फरशी आहे. आपण आत आहोत.

पिराजीअण्णा गुडघा धरून बाकावर टेकले होते. अख्खं आयुष्य ज्यांनी अशी संधी सोडली नाही, त्या अण्णांनीही तोंड मिटलेलं.

पाळकसाहेबांनी घाईघाईनं बाजू सावरली. "दादासो, कामासाठी आलात. शपथेत हे धरायचं नाही. आम्ही सगळे साक्षीला आहोत. चला, टेबल बाहेर घेऊ."

पळवाट चांगली होती. दाराबाहेर त्यांनी स्वतःच घातलेला मंडप होता. चार पावलं टाकली की शपथही शाबूत आणि लेकीचं लग्नही. दादासो दाराकडं वळलेही. पण समोर ती पोरं उभी होती. टेबल ओढून हातांना वळ पडलेली. त्यातल्या एकानं त्या वर्षी कललेलं छत बांधलं होतं. त्याच्या मागं महिला मंडळाच्या विठाबाई, ज्यांची ज्वारीची भाकरी दादासोंनी खाटेवर बसून कितीदा खाल्ली होती. ही सगळी माणसं आपल्या घरी आली. बुधवार बुधवार आली. आपल्याकडं रीत काय? कुणी घरी आलं की आपणही त्याच्या घरी जायचं. येणं-जाणं दोन्ही बाजूंनी असतं. यांनी एवढी वर्षं नुसतं येणंच केलं. जाणं आपल्याकडं राहून गेलं. आणि आता यांच्या घरात उभं राहून 'मी आलोच नव्हतो' म्हणायचं?

"कामासाठी बिमासाठी म्हणू नगासा," दादासो म्हणाले. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता, त्यामुळं सगळ्यांनाच जरा भीती वाटली. "आलोय म्हंजे आलोय. टेबल जाग्यावर न्या. लगीन आतच लागणार."

"आन् भाईर यवढा मंडप घातलाय त्यो?" अण्णांना राहवलं नाही.

"भाईर जेवान. तुम्ही पैल्या पंगतीला बसा. गुडघा दुखतोय न्हवं?"

"दादासो," अण्णा म्हणाले, "त्या दिवशी मी जरा जास्तच—"

"आण्णा, आज त्येचं नाव काढायचं न्हाय. लगीन हाय." आणि दादासोंनी त्यांना काखेत हात घालून उठवलं.

तेवढ्यात चिमणाबाई फुलांची पाटी घेऊन दारात आल्या. नवरा आत, अण्णांच्या खांद्यावर हात टाकून उभा. त्या बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बारा वर्सं मी सांगून दमलो. एका टेबलानं आणलं व्हय तुम्हास्नी!" आणि पाटी तिथंच खाली ठेवून, फुलं निवडण्याच्या निमित्तानं खाली बसून डोळे पुसायला लागल्या. विठाबाईही फुलं निवडायला बसल्या. निवडण्यासारखं त्या फुलांत काही नव्हतं.

संध्याकाळी निशिगंधा पांढऱ्या शालूत पायरीवर उभी राहिली आणि दादासोंनी हात पुढं केला. पायरी आली, उंबरा आला, मागं पडला. मधल्या वाटेनं ते कामावर निघाल्यासारखे झपाझप चालले होते. निशिगंधानं त्यांना चिमटा काढला. "हळू, पप्पा. टेम्पो सुटलेला न्हाय." बाकावरची माणसं हसली. या खेपेला दादासोही हसले आणि पावलं आखडली. दोन्ही बाजूंना ओळखीचे चेहरे. ते प्रत्येकाला मान हलवत चालले. एवढी वर्षं बाहेर बसून ऐकलेलं सगळं आज डोळ्यांना दिसत होतं. कुणाच्या घरातून काय आलं, कुणी काय केलं, एकेक आठवत होतं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "या मुलीला या मुलास कोण देत आहे?"

याला उत्तर 'मी' एवढंच असतं. आदल्या दिवशी सरावही झाला होता.

"मी," दादासो म्हणाले. मग वळून मागं बघितलं. "आन् ही समदी. लिहून घ्या पाळकसाहेब, ही समदी देत्यात. माझ्या एकट्याच्यानं न्हवतं व्हायचं."

मागून कुणीतरी 'आमेन' म्हणालं. पिराजीअण्णांचा आवाज होता, असं पेठेत म्हणतात. अण्णा कबूल करत नाहीत.

आदर्शनं निशिगंधाचा हात घेतला. आता बापानं बाकावर जाऊन बसायचं असतं. पण दादासो तिथंच उभे, दोघांच्या मध्ये खांबासारखे. पाळकसाहेब थांबले. आदर्श थांबला. त्याचा तर थांबण्याचा स्वभावच.

"पप्पा," निशिगंधा हळूच म्हणाली, "बसा की आता."

"बसतो की," दादासो म्हणाले. "आता मला उठवतंय कोण?"

आणि पुढच्या बाकावर, चिमणाबाईंच्या शेजारी, ऐसपैस बसले.